डाव्या बाजूची वाइन

निकमबाईंनी जन्मात चहा घेतला नाही, कॉफी घेतली नाही. हळदीकुंकवाला मिळालेला विडासुद्धा त्या पदराच्या गाठीला बांधून घरी नेत आणि गायीला घालत. तरीही अख्ख्या पंचवटीत दारूचा सरकारी परवाना असलेली बाई एकच होती, आणि ती म्हणजे आमच्या मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवणाऱ्या निकमबाई. परवाना त्या रेशनकार्डाच्या डब्यात ठेवत. लपवून नव्हे. कुणी विचारलं तर काढून दाखवत आणि वर बजावत, "नीट धर. तेलाचे हात लावू नको."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. आज पंच्याहत्तरी आली, तर कढी फुटू न देता करता येते एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकते. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून पदविका घेऊन त्या शाळेत बाईंच्या हाताखाली रुजू झालेली शैला, म्हणजे मी, वेगळीच होती. बिनबाह्यांचं पोलकं, मोठ्ठा काळा चष्मा, आणि 'प्रथिनं' हा शब्द दिवसातून चाळीस वेळा. मी आले तेव्हा मला वाटलं होतं, या जुन्या बाईंना आपण जरा शास्त्र शिकवू. देवाची दया, की बाईंनी माझं चारचौघांत हसू होईल असं कधी काही म्हटलं नाही. नुसतं बघत. त्यांचं ते बघणं अजून आठवलं की मी पदर नीट करते.

बाई उंच, हाडापेरानं मोठ्या, दिंडोरीकडच्या शेतकरी घरातल्या. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलत; चिडल्या की गावाकडचं बोलणं वर येई. मुली त्यावरून हवामान ओळखत. 'असे करू नये' म्हणाल्या तर अजून वेळ आहे, 'आसं नाय करायचं' म्हणाल्या की पळा.

त्यांची सगळ्यात मोठी करामत अशी, की त्या पदार्थ चाखत नसत. लहानपणापासून घरात नैवेद्याचा स्वयंपाक त्यांच्याकडे. देवाला दाखवायच्या आधी जिभेला लावायचं नाही. त्यामुळे मीठ-मसाल्याचा अंदाज नाकानं, डोळ्यांनी आणि कानांनी. होय, कानांनी. परीक्षेला पाच मुलींच्या पाच आमट्या ओळीनं ठेवलेल्या असत. बाई प्रत्येकीवर जरा वाकत आणि पुढे जात. "मीठ विसरलीस. तुझं मीठ दोनदा पडलंय, मैत्रिणीशी बोलत होतीस. ही बरी. ही अजून कच्ची उकळतेय, आवाज ऐक तिचा." मी मागून चमचा घेऊन चाखत जायची. शास्त्र म्हणून. चारही वेळा बाई बरोबर निघाल्या. पाचव्या आमटीनं माझी जीभ पोळली आणि शास्त्राचा तास संपला.

त्या म्हणत, "जीभ खोटं बोलती. भांडं नाय बोलत."

या बाईंचा जीव एका खोलीत होता. शाळेच्या मागच्या अंगाला, चार शेगड्या, एक वातीचा स्टोव्ह, ओट्यावर कडाप्पा, आणि तांब्या-पितळेची भांडी ओळीनं मांडलेली. ही खोली बंद करून तिथे टायपिंगचा वर्ग काढायचं संस्थेच्या अध्यक्षांच्या, म्हणजे आबासाहेबांच्या, मनात आलं होतं. मुली स्वयंपाक घरी शिकतातच, टायपिंगनं नोकरी लागेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत. मुख्याध्यापिकाबाईंनी रदबदली केली, तेव्हा आबासाहेबांनी शेवटची संधी दिली. सातपूरच्या एका कारखान्यात जर्मनीहून एक इंजिनियर आले होते. ते आणि त्यांची बायको शाळा बघायला येणार होते. आबासाहेबांना परदेशी पाहुण्यांचं भारी अप्रूप. म्हणाले, "महिन्यानं त्यांना या वर्गाचं जेवण घालू. पाहुणे खूश झाले तर वर्ग राहील. नाहीतर यंत्रं सांगून ठेवलीच आहेत."

एवढं बोलून त्यांनी धोतराच्या सोग्याआडून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक उंच, लांब मानेची हिरवी बाटली काढली आणि टेबलावर अशी ठेवली, जणू ते मांजराचं पिल्लू आहे आणि कुणीतरी त्यांच्या दारात सोडून गेलंय.

"पाहुण्यांनी आधीच पाठवली. त्यांच्या गावाकडची पांढरी वाइन. म्हणाले, त्या दिवशी जेवणाबरोबर सगळे मिळून घेऊ, हिला शोभेल असं काहीतरी करा. मी घरी ठेवू शकत नाही. मी दारूबंदी समितीचा अध्यक्ष, परवाच माझं भाषण झालंय."

बाटलीवरचं एक अक्षर कुणाला वाचता येईना. मुख्याध्यापिकाबाईंनी पदर नाकाला लावला. निकमबाईंनी बाटली उचलली, उजेडात धरली आणि विचारलं, "चवीला कशी असती ही? गोड, का आंबट, का कडू? ते कळल्याबिगर जेवण काय करायचं?"

आणि मी, शैला, तोंड उघडलं.

"गोड असते, बाई. मनुकांच्या पाकासारखी. मी मुंबईला घेतली आहे ना, माझ्या मामांकडे."

मामांकडे मी घेतलं होतं ते कोकम सरबत. पण बिनबाह्यांच्या पोलक्याला एक प्रतिष्ठा असते, ती सांभाळावी लागते. मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी मी नाटक कंपनीतून पळून आलेय. निकमबाई फक्त म्हणाल्या, "बरं."

बाईंनी पहिलं काम केलं ते परवान्याचं. शाळेच्या कपाटात बेकायदा वस्तू त्या ठेवणार नव्हत्या. त्या काळी बाटली जवळ बाळगायला परवाना लागे, आणि तो मिळे तब्येतीच्या कारणासाठी. आम्ही दोघी कचेरीत गेलो. कारकून अर्जावरून मान वर न करता म्हणाला,

"कारण?"

"शैक्षणिक," बाई म्हणाल्या.

आता त्यानं मान वर केली. समोर कपाळभर कुंकू, हातात छत्री, डोक्यावरून पदर. "बाई, असं कारण नसतं. तब्येतीसाठी लिहा."

"माझी तब्येत उत्तम आहे. खोटं लिहिणार नाही."

"अहो, सगळेच लिहितात!"

"सगळ्यांना मी शिकवलेलं नाही."

अर्धा तास हे चाललं. मागे रांग लागली. रांगेतले लोक बाईंना हात जोडायला लागले, "लिहा ना, मावशी, दुपार झाली!" शेवटी बाईंनी पेन घेतलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'स्वयंपाकवर्गाच्या प्रकृतीसाठी.' कारकुनानं ते दोनदा वाचलं, रांगेकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

मग माझ्या मनुकांच्या पाकावर विसंबून जेवण ठरलं: पुरणपोळी, बासुंदी, गोडाचे अप्पे. मी फळ्यावर त्यातली प्रथिनं लिहून दाखवली. पण बाईंना चैन पडेना. न तपासता काही पानात वाढायचं त्यांच्या जिवावर येई. चाखायचं तर नियम मोडतो, बाटली उघडायची तर पाहुण्यांची वस्तू उष्टी होते. तिसऱ्या दिवशी त्या वणीला गेल्या. तिथे त्यांचे धाकटे भाऊ गुरांचे डॉक्टर होते. येताना पिशवीतून पितळी पिचकारी आणि म्हशीला टोचायची सुई घेऊन आल्या.

मी तो प्रसंग विसरणं शक्य नाही. बाईंनी सुई उकळून घेतली, बाटलीचा कागद जरासा उचकटला, आणि बुचाच्या मध्यावर अंगठा ठेवून म्हणाल्या, "शैला, धर घट्ट. हलू देऊ नको." जणू बाटली लाथ मारणार होती. सुई बुचातून आरपार गेली. बाटली आडवी करून त्यांनी चांदीच्या वाटीत चार चमचे वाइन काढली आणि भोकावर मेणबत्तीचं मेण लावून टाकलं. वाइन फिकट पोपटी होती. खोलीत हिरव्या सफरचंदासारखा वास पसरला. मनुकांशी त्या वासाचं दूरचंही नातं नव्हतं.

बाईंनी दुधाची कपबशी पुढे ओढली. कोमट दुधात एक चमचा वाइन सोडली. बघता बघता दूध फाटलं. दुसरा थेंब काळवंडलेल्या तांब्याच्या पळीवर घासला. पळी चिंचेनं घासावी तशी लख्ख. मग लिटमसचा निळा कागद बुडवला. लाल.

बाई माझ्याकडे वळल्या.

"शैले, तुझ्या मामांचा पाक दूध फोडतोय गं."

मी रडायला लागले. खरं म्हणजे कबूल करायचं होतं, पण तोंडातून शब्दाऐवजी हुंदकाच आला. बाईंनी मला दोन मिनिटं रडू दिलं, मग ओल्या हाताचं बोट माझ्या चष्म्यावर टेकवलं. "बासुंदीवर ही वाढली असती ना, तर पाहुण्यांच्या पोटात पनीर झालं आसतं. आणि माझी खोली गेली आसती. लय शिकून आलीयेस तू. आता जरा उपयोगी पड."

उपयोगी पडणं म्हणजे काय, ते मला पुढचे पंधरा दिवस कळत होतं. वाटीत उरलेल्या वाइनच्या पाच थेंबांनी किती दूध किती वेळात फाटतं, हे बाईंनी मोजून वहीत टिपून ठेवलं. मग मखमलाबादच्या मळ्यातून छाटणीत काढलेली कच्ची, हिरवी द्राक्षं आणली, त्यांचा रस काढला, पाणी घालत घालत तो इतका बरोबर आणला, की तोही तेवढंच दूध तेवढ्याच वेळात फाडी. ही झाली नकली वाइन. ती प्यायची मी. शाळेतल्या यच्चयावत पदार्थांबरोबर. मागून बाई विचारणार, "आता घास कसा लागला? खरं सांग. खोटं बोलायचं तुझं आयुष्यभराचं संपलं."

फळ्यावर निकाल लागत गेले. पुरणपोळी नापास: गोडापुढे वाइन आंबट होऊन रागावते. बासुंदीवर बाईंनी फुलीसुद्धा मारली नाही, नावच पुसलं. अळूवडी नापास, तिच्यातली चिंच आणि हिच्यातला आंबटपणा सख्ख्या जावांसारखे भांडतात. वांग्याचे काप पास. खारे शेंगदाणे पास. भरपूर लोणी लावलेलं थालीपीठ उत्तम, लोणी जड वाटायला लागलं की ती येऊन जीभ धुऊन काढते. ओल्या खोबऱ्याची आल्याची चटणी फार छान. मटकीची उसळ तिखट कमी केल्यावर पास. आणि तिळाची, खरपूस तळलेली कोथिंबीर वडी पहिल्या नंबरानं. दहाव्या दिवशी माझे दात इतके आंबले, की पोळीचा तुकडा चावताना डोळ्यांत पाणी येई. बाई म्हणाल्या, "हे पण लिही. 'दात आंबतात. म्हणून थोडी-थोडी वाढणे.'"

आणि मग एका दुपारी, ताट रांगोळीसारखं मांडून बघत असताना, त्या एकदम थांबल्या.

"अगं, आपण उगीच डोकं शिणवलं. जे जे पास झालं, त्यावर आपण एरवी काय पिळतो?"

"लिंबू," मी म्हटलं.

"मग ही लिंबाच्या जातीची. हिची जागा डावीकडं. मीठ, चटणी, कोशिंबीर, आणि लिंबाच्या जागी ही. त्या दिवशी ताटात लिंबू वाढायचं नाय. एका म्यानात दोन नकोत."

आज गंगापूर धरणाकडे टेकड्यांवर वायनरी झाल्यात. माझी नात तिथे नेते, तर गळ्यात पट्टा घातलेले कुणीतरी मला समजावतात, की जर्मन पद्धतीची साखर नसलेली रीसलिंग वाइन तळलेल्या, खारट, आल्या-कोथिंबिरीच्या पदार्थांबरोबर घ्यावी. मी मान डोलावते. चहा न पिणाऱ्या बाईनं हे म्हशीच्या सुईनं शोधून काढलं होतं, असं सांगितलं तर मला आधी खुर्चीत बसवतील आणि मग पाणी देतील.

जेवणाचा दिवस आला. बाटली गार हवी, असा पाहुण्यांचा निरोप होता. शाळेत फ्रिज कुठला? बाईंनी सकाळपासून बाटलीला पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. ताप आलेल्या पोरीसारखी ती चादरीवर आडवी, दर दहा मिनिटांनी पट्टी बदलायची आणि हात लावून म्हणायचं, "उतरतोय."

बारा वाजता पाट मांडले. जर्मन इंजिनियर फार उंच होते. पाटावर बसल्यावर त्यांचे गुडघे त्यांच्या कानांशी आले. बायको मात्र छान मांडी घालून बसली. आबासाहेब मधे. टायपिंग यंत्रांच्या दुकानाचा कागद त्यांच्या खिशातून डोकावत होता, तो आम्हाला दिसेल असाच. मी दुभाषी.

इंजिनियरांनी खिशातून बूच काढायचं आकड्यासारखं हत्यार काढलं, बाटली हातात घेतली, आणि थबकले. बुचावर मेण होतं. मेण खरवडलं तर खाली बारीक भोक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईंकडे पाहिलं.

"सांग त्यांना," बाई म्हणाल्या. "गुरांच्या डॉक्टरची सुई. उकळून घेतली होती म्हणावं."

आबासाहेबांचा चेहरा पडला. मी माझ्या इंग्रजीतून काय सांगितलं देव जाणे, पण इंजिनियर गंभीर झाले. त्यांनी बूच काढलं, वास घेतला, आणि पेले शोधायला इकडेतिकडे बघू लागले. पेले नव्हतेच. निकमबाई पुढे झाल्या, त्यांच्या हातून अदबीनं बाटली घेतली, तांब्याच्या छोट्या गडूत ओतली, आणि पळी घेऊन वाढायला निघाल्या. जेवणात डावी बाजू डाव्या बाजूच्या मापानंच वाढतात.

पहिली पळी अध्यक्षांची. बाई वाकल्या, तांब्याची पळी समोर आली, आणि साठ वर्षांच्या सवयीनं आबासाहेबांचा उजवा हात आपोआप पुढे झाला, तळव्याची खोलगट वाटी झाली, डावा हात खाली आला. बाईंच्याही हाताला तीच सवय. पळी ओतली गेली. आबासाहेबांनी डोळे मिटून घोट घेतला आणि ओला हात डोक्यावरून मागे फिरवला.

मग त्यांनी डोळे उघडले. दारूबंदी समितीचे अध्यक्ष, पंचवटीत, भर दुपारी, केसांना वाइन लावून बसले होते.

मुख्याध्यापिकाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. पण इंजिनियर फार सभ्य माणूस. इथली पद्धत हीच असणार, असं समजून त्यांनीही तळवा पुढे केला, घोट घेतला, आणि मन लावून हात टकलावरून फिरवला. बायकोनं तर दोन्ही डोळ्यांनाही लावला. मग इंजिनियरांनी वडीचा घास घेतला. चावले. थांबले. पुन्हा तळवा पुढे केला.

पाचव्या पळीनंतर त्यांनी मला विचारलं, ही निवड कुणी केली आणि कशी? बाईंनी वही आणून दिली, मी वाचून अर्थ सांगत गेले. दूध, थेंब, मिनिटं, पास, नापास. इंजिनियर वही उलटत राहिले, ताट निवलं. शेवटी ते जे म्हणाले ते मी शब्दशः सांगितलं: "या बाई न चाखता हे करू शकत असतील, तर माझ्या कारखान्यातल्या तपासणी खात्याला एक आठवडा या खोलीत शिकायला पाठवायचं आहे."

आबासाहेबांनी खिशातला कागद आत ढकलला. "हा वर्ग," ते म्हणाले, "म्हणजे आमच्या संस्थेची शान." आणि तळवा पुढे केला. या वेळी हात डोक्याला पुसला नाही, शर्टाला पुसला.

बाई स्वतः जेवल्या त्या सगळ्यांच्या नंतर, शेगडीपाशी बसून. गडूत थोडी उरली होती. मी म्हटलं, "बाई, एक थेंब तरी?" त्या म्हणाल्या, "मला माहितीये कशी लागती." आणि मला खात्री आहे, त्यांना माहीत होतं.

वर्ग राहिला. पण तो बाईंच्या नावावर राहिला होता, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं. सात-आठ वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. शनिवारी निरोपसमारंभ झाला, सोमवारी शेगड्या हलवल्या आणि कडाप्प्याच्या ओट्यावर बारा यंत्रं ओळीनं बसली. मला सामान्य विज्ञान दिलं. महिनाभर मी त्या अंगाला फिरकले नाही. एका संध्याकाळी जिन्यावरून उतरताना खाडखाड ऐकली आणि खिडकीतून डोकावले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या ओळीत, खिडकीजवळच्या यंत्रावर, डोक्यावरून पदर घेतलेल्या निकमबाई बसल्या होत्या. दोन बोटांनी, एकेक अक्षर.

मी आत गेले. "बाई! टायपिंग? या वयात?"

"नाव घातलंय. रीतसर." त्यांनी मान वर केली नाही. "खोलीत बसायचं तर काही कारण लागतं ना. नुसतं बसू देत नाय."

"पण येतंय का?"

"यायला कुठं हवंय मला? आलं तर वर्गातून काढतील." कागदावर ओळीच्या ओळी एकाच अक्षराच्या होत्या.

घंटा झाली. मुली खुर्च्या सरकवून उठल्या. शिकवणारे सर, माझ्याहूनही लहान, किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "बाई, वेळ संपली."

निकमबाईंनी त्यांच्याकडे न बघता डावा हात वर केला. "थांबा. एवढी ओळ होऊ द्या."

सर थांबले.